सस्पेन्सरी दुखावलेला घोडा पुन्हा कामावर आणताना: ठाणबंद ते कँटर

मुरूमवाट (धागाकर्ता)

पुढच्या पायाचं सस्पेन्सरी लिगामेंट दुखावलं, व्हेटनं सहा महिने आराम सांगितला, पण त्या सहा महिन्यांत रोज नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, अशी विचारणा इथे वारंवार होते. म्हणून एकाच जागी सगळं लिहितो आहे. हे पुढच्या पायाच्या मध्यम दुखापतीचं गणित आहे. मागच्या पायाचं वेगळं असतं, त्यावर जाणकारांनी खाली लिहावं.

आधी रचना. सस्पेन्सरी गुडघ्याच्या खालून, नळीच्या हाडाच्या मागच्या बाजूने सुरू होतं, दोन स्प्लिंट हाडांच्या मधून खाली उतरतं आणि फेटलॉकच्या, म्हणजे नळीच्या खालच्या सांध्याच्या, वर दोन फाट्यांत विभागून त्या सांध्यामागच्या सेसमॉईड या छोट्या हाडांना चिकटतं. पाय टेकला की फेटलॉक खाली दबतो. तो जमिनीपर्यंत जाऊ न देणं हे त्याचं मुख्य काम. वेग वाढला, वळण आलं, जमीन खचली, की हा ताण कित्येक पटींनी वाढतो. वरचं टोक, मधला भाग आणि फाटे यांच्या दुखापती वेगवेगळ्या वागतात, त्यामुळे "लिगामेंट गेलं" एवढं निदान पुरत नाही. कुठे, किती लांबीत आणि जाडीच्या किती भागात, हे सोनोग्राफीतच कळतं.

सगळ्यात मोठी फसगत लंगडण्याबाबत होते. सूज आणि दुखणं काही आठवड्यांत उतरतं आणि घोडा सरळ चालू लागतो. आत मात्र तेव्हा नुसता कच्चा भराव असतो. त्यातले कोलॅजनचे तंतू आडवेतिडवे आणि कमकुवत प्रकारचे असतात. ते ताणाच्या दिशेने लागायला आणि पक्के व्हायला महिने लागतात, पूर्ण घडी बसायला वर्षही जातं. भराव मूळ ऊतीपेक्षा कडक असल्यामुळे घाई झाली की बहुधा जुन्या जखमेच्या कडेलाच नवी चीर पडते. घोडा लंगडत नाही म्हणून पुढची पायरी चढायची, हा निकष चुकीचा आहे. लंगडला तर थांबायचं, हा निकष बरोबर आहे. या दोहोंतला फरक सांभाळला तर निम्मं काम झालं.

पहिले दोन-तीन दिवस दिवसातून तीन-चार वेळा 20 मिनिटं गार पाणी किंवा बर्फ. बर्फ थेट कातडीवर नको, मध्ये ओलं फडकं हवं. त्यानंतर जाड कापसाचं बँडेज, दुसऱ्या पुढच्या पायालाही, कारण तो आता जास्त भार घेतो. घोडा ठाणबंद, म्हणजे ठाणावरच, बाहेर काढायचा नाही. सोनोग्राफी पहिल्याच दिवशी केली तर जखम खरी असते त्यापेक्षा लहान दिसू शकते. साधारण सात ते दहा दिवसांनी घेतलेली तुलनेचा पाया म्हणून धरावी.

हाताने चालवणं व्हेटच्या परवानगीने, सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. सुरुवात 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत 5 मिनिटं वाढवत आठव्या आठवड्याअखेर अर्ध्या तासावर यायचं. जमीन सपाट आणि घट्ट हवी. रोलर फिरवलेला मुरूम उत्तम, मोकळा डांबरी रस्ताही चालतो. नांगरलेलं रान, नदीची वाळू, चढउतार नकोत. वळायचं तर मोठ्या कमानीत, घोड्याला पायावर गर्रकन फिरवायचं नाही. हा चालवण्याचा वेळ म्हणजे उपचार आहे. हलका, एका दिशेचा ताण मिळाला तरच तंतू त्या दिशेने लागतात. नुसतं बांधून ठेवलं तर भराव होतो, पण वेडावाकडा.

आठव्या आठवड्याला दुसरी सोनोग्राफी. ती समाधानकारक असेल तर खोगीर. नववा ते बारावा आठवडा फक्त वॉक (साधी चाल), 20 मिनिटांपासून 40-45 पर्यंत. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आतच. 380 किलोच्या मारवाडी घोड्यावर म्हणजे 76 किलो, खोगिरासकट. सुरुवातीला याहून बराच हलका स्वार निवडा.

बाराव्या आठवड्याला तिसरी सोनोग्राफी आणि मग ट्रॉट (दुडकी चाल). पहिल्या दिवशी एकूण 5 मिनिटं, तीही सलग नाही. एकेक मिनिटाचे तुकडे, मध्ये भरपूर वॉक. आधी 15-20 मिनिटं वॉक केल्याशिवाय ट्रॉट नाही. फक्त सरळ रेषेत. दर दोन आठवड्यांनी 5 मिनिटं वाढ. या हिशेबाने 25 मिनिटांवर यायला एकविसावा-बाविसावा आठवडा उजाडतो. तेव्हा पुन्हा सोनोग्राफी, आणि मगच कँटर (त्याहून वेगाची चाल), दोन-दोन मिनिटांनी. वर्तुळं, उड्या, भरधाव पळवणं आणि मोकळं सोडणं सगळ्यात शेवटी, आठव्या महिन्यानंतर. पूर्ण काम नऊ ते बारा महिन्यांत.

एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची. वेळ वाढवली तर जमीन तीच. जमीन बदलली तर वेळ तोच. नाल नवी ठोकली तर त्या आठवड्यात काहीच वाढवायचं नाही.

खरारा

फार उपयोगी. अगाडी-पिछाडीचं (पुढून-मागून बांधायच्या दोरांचं) काय करायचं? आपल्याकडे बऱ्याच पागांत घोडा दिवसभर त्यातच असतो.

मुरूमवाट

पिछाडी पूर्ण बंद. घोडा माशी हाकलायला किंवा शेजारच्या घोड्याकडे वळायला पाय ओढतो, दोर आखडतो आणि झटका बसतो. चालवताना कितीही जपलं तरी ठाणावर दिवसभर असे झटके बसत राहिले तर काय उपयोग? शिवाय मागून जखडलेला घोडा पुढच्या पायांवर रेटा देऊन उभा राहतो. साधारण 12 बाय 12 फुटांची बंद खोली असेल तर त्यात मोकळाच ठेवा. खोली नसेल तर बांबूचे आडवे लावून तेवढीच जागा करा. खाली कोरडा भुसा किंवा गवत चार-सहा इंच, पण इतकं नाही की खूर रुतेल. घोडा आत गोल गोल फिरत राहत असेल तर शेजारी शांत सोबती बांधा आणि चारा जाळीत थोडा थोडा द्या. ठाणावरच्या चकरा चालण्याच्या वेळात मोजल्या जात नाहीत, पण पायाला त्या मोजाव्या लागतातच.

तापीकाठ

नेमका प्रश्न विचारतो. ज्येष्ठात दुखापत झालेला घोडा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाल चालीच्या स्पर्धेत उतरू शकेल का?

मुरूमवाट

नाही. ज्येष्ठ ते मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे सहा महिने. वरच्या हिशेबात तेव्हा तो नुकताच कँटरला लागलेला असेल, तेही सगळ्या सोनोग्राफी चांगल्या निघाल्या तर. रेवाल ही वेगाची चाल आहे, एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ सोबत पडतात आणि स्पर्धेत ती लांब अंतर धरून ठेवावी लागते. माझ्या मते सरावाच्या हिशेबात रेवालला ट्रॉट समजू नये, कँटरच्या पायरीवर ठेवावं. यंदा यात्रेला न्यायचाच असेल तर नुसता दाखवायला न्या, पण वाहनातून दूरचा प्रवास, गर्दी आणि तापीकाठची मऊ जमीन यांचा विचार करून.

चौखूर_७

तापीकाठ यांच्या प्रश्नाला जोडून एक अडचण. पक्क्या रेवाल घोड्याचं लंगडणं ओळखणं अवघड असतं. ट्रॉटमध्ये तिरपी जोडी पडते, म्हणून दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जाताना स्पष्ट दिसतं. रेवालमध्ये ते झाकलं जातं. अशा घोड्याला दोर सैल सोडून, डोकं अजिबात वर न धरता हळूहळू वेग वाढवत न्यायचं, काही घोडे त्यात दोन-चार पावलं तरी ट्रॉट करतात. नाहीच केला तर फेटलॉककडे बघा. दुखऱ्या पायाचा फेटलॉक कमी दबतो, कारण घोडा त्यावर पूर्ण वजन टाकत नाही. मोबाइलवर बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि दोन्ही पाय एकाच क्षणाला थांबवून ताडून बघा. दर आठवड्याला तीच जागा, तेच अंतर, तोच वेग.

नालघर

एक महत्त्वाची दुरुस्ती कुणीतरी करायला हवी म्हणून लिहितो. लिगामेंट किंवा टेंडन दुखावलं की टाच उंच करणारी नाल ठोकायची, असा सरसकट समज आहे. सस्पेन्सरीसाठी तो उलटा पडतो. टाच वर उचलली की खोल जाणारा फ्लेक्सर टेंडन सैल पडतो. तो सैल पडला की फेटलॉकला खालून आधार देण्यातला त्याचा वाटा कमी होतो आणि तेवढा भार सस्पेन्सरी आणि वरच्या थरातल्या फ्लेक्सरवर येतो. उंच टाच ही खोल फ्लेक्सर किंवा त्याला आवरून धरणाऱ्या चेक लिगामेंटच्या दुखापतीत कामाची. सस्पेन्सरीत पुढून रुंद आणि मागे अरुंद पट्ट्यांची नाल वापरतात. मऊ जमिनीत टाच थोडी रुतते, पुढचा भाग वर राहतो, खोल फ्लेक्सर ताणला जातो आणि फेटलॉकला आधार मिळतो. एकाच फाट्याला दुखापत असेल तर त्या बाजूची नालेची पट्टी रुंद ठेवायची, म्हणजे ती बाजू कमी रुतते.

त्याआधी खुराचा तोल. आपल्याकडे सर्रास दिसणारा दोष म्हणजे पुढे वाढलेला खूर आणि खाली दबलेली टाच. खूर पुढे लांब असला की पाय उचलायला उशीर लागतो आणि तेवढा वेळ फेटलॉक ताणलेला राहतो. बाजूने पाहिलं तर खुराची पुढची रेषा आणि त्यावरच्या हाडाची रेषा एकच सरळ रेषा दिसायला हवी. ती मोडून मागे गेलेली दिसली तर आधी खूर मागे आणा, नालेचं टोक गोल करा. एकाच बैठकीत सगळं नका काढू, दोन-तीन खेपांत विभागा. समोरून पाहताना आतली-बाहेरची उंची सारखी हवी, कारण एक बाजू उंच असली की एक फाटा जास्त ताणला जातो. पाच-सहा आठवड्यांपलीकडे नाल ठेवू नका. नालबंद आणि व्हेट यांना एकदा तरी एकाच वेळी घोड्यासमोर उभं करा, एक्स-रे असेल तर तोही नालबंदाला दाखवा.

मुरूमवाट

नालघर, अनेक धन्यवाद. हे धाग्यात हवंच होतं.

गवताळ

थोडं वेगळं मत. एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा घोड्याला वर्षभर रानात मोकळं सोडावं, निसर्ग बरं करतो. जुने लोक असंच करायचे आणि घोडे पुन्हा पळायचे.

चौखूर_७

काही घोडे त्यातून निघतात, मान्य. पण रानात काय घडतं ते बघा. घोडा दिवसभर शांत चरतो आणि मग एखादं कुत्रं भुंकतं किंवा दुसरा घोडा पळतो, की हाही थंड पायाने एकदम भरधाव निघतो, घसरतो, गर्रकन वळतो. दुसऱ्या महिन्यातल्या भरावाला असा एक प्रसंग पुरतो. आणि कुणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे जखम पुन्हा कधी उघडली ते कळत नाही. शिवाय वर्षाने तो सरळ चालताना दिसला तरी आतले तंतू कसे लागले आहेत याची खात्री कुठून आणणार? घोड्याला मोकळीक हवी हे तुमचं म्हणणं मनापासून पटतं. त्यासाठी चौथ्या महिन्यानंतर, सोनोग्राफी चांगली असेल तर, ठाणाला लागून 15-20 फुटांचा छोटा वाडा करून देता येतो. त्यात वेग घेता येत नाही. मोठ्या कुरणात सोडणं मात्र कँटर नीट बसल्यानंतरच, पहिल्यांदा काम करून दमल्यावर, एकट्याला, भरपूर गवत टाकून.

गवताळ

छोट्या वाड्याची कल्पना पटली. वर्षभर खोलीत कोंडणं एवढंच डोक्यात होतं.

चंदीचोकर

ठाणबंद घोड्याच्या खाण्यावर लिहितो, कारण इथे लिगामेंटपेक्षा पोटाने घोडा जाण्याची भीती जास्त. काम थांबलं त्याच दिवशी चंदी कमी करा. चणे आणि ओट कामाच्या घोड्याला लागतात, उभ्या घोड्याला ते उसळी आणि चरबी देतात. 400 किलोच्या घोड्याला रोज 6 ते 8 किलो सुका चारा हा पाया. चांगलं वाळलेलं गवत, थोडी लसूणघास. नुसत्या जाड कडब्यावर ठेवू नका, हालचाल बंद असताना आतड्यात तो अडकतो. बदल सात-दहा दिवसांत हळूहळू करायचा असतो, पण चंदी घटवणं याला अपवाद, ती ताबडतोब घटवली तर बिघडत नाही. चारा तेवढा एकदम बदलू नका.

पाणी मोजा. बादलीने द्या, म्हणजे कळतं. थंडीत कोमट केलं तर जास्त पितात. रोज 30 ग्रॅमच्या आसपास मीठ. लेंड्यांची संख्या आणि ओलसरपणा मोतद्दाराने रोज बघायचा. लेंड्या कमी, लहान, कोरड्या, वर चकाकणारा चिकट थर दिसला तर वाट न बघता व्हेटला फोन.

काम वाढताना चंदी कामाच्या मागे चालली पाहिजे, पुढे नाही. ट्रॉट सुरू होण्याआधीच "ताकद यावी" म्हणून चणे वाढवले की घोडा दोरीवर उड्या मारतो. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी पूर्ण चंदी देऊन दुसऱ्या दिवशी एकदम काम दिलं तर पाठीचे आणि पुठ्ठ्यांचे स्नायू आखडून लघवी तांबडी-काळी होण्याचा धोका असतो. तसं दिसलं तर घोडा जागचा हलवायचा नाही.

खरारा

त्या उड्यांबद्दलच विचारायचं होतं. पंधरा दिवस बांधलेला तरणा घोडा पहिल्यांदा बाहेर काढला की हातात राहत नाही. अशा वेळी काय करावं?

मुरूमवाट

नुसत्या गळपट्ट्यावर काढू नका. लगाम घाला, लांब दोर आणि हातमोजे, दोन माणसं. पहाटे, रस्ता मोकळा असताना, चारा खाल्ल्यावर. पुढे शांत घोडा चालत ठेवा. तरीही उसळत असेल तर व्हेट हलकं शांत करणारं औषध देऊ शकतात, त्यात कमीपणा काही नाही. चार मिनिटांच्या उसळीत झालेलं नुकसान आठ आठवडे मागे नेतं. एक खबरदारी मात्र नर घोड्यांबाबत. एसप्रोमॅझिन या औषधाने नराचं शिश्न बाहेर राहून लुळं पडण्याचा धोका असतो. आपल्याकडे बहुतेक नर खच्ची न केलेले असतात, म्हणून हे व्हेटशी आधी स्पष्ट बोला, मित्राकडून औषध आणून टोचू नका.

लाँजिंग, म्हणजे लांब दोरावर घोडा गोल फिरवणं, हा यावरचा उपाय नाही. उलट छोट्या वर्तुळात आतला-बाहेरचा भार असमान होतो आणि फाटे ताणले जातात. "आधी लाँजवर दमवून घेऊ" हे वाक्य या सगळ्या काळात तबेल्यातून हद्दपार करा.

पुठ्ठा_पाय

मागच्या पायाबद्दल लिहितो, धागाकर्त्यांनी सुचवलंच आहे. मागच्या पायात सस्पेन्सरीचं वरचं टोक हाडं आणि कडक पडदा यांच्या बंदिस्त कप्प्यात असतं. सुजलं की पसरायला जागा नसते, शेजारची नस दाबली जाते आणि दुखणं रेंगाळतं. त्यामुळे पुढच्या पायाइतका भरवसा इथे नुसत्या आरामावर ठेवता येत नाही. बाहेरून सूज, गरमी काहीच दिसत नाही. घोडा लंगडण्याऐवजी पाठ ताठ करतो, चढाला रेटा देत नाही, कँटरमध्ये एका बाजूला वारंवार चाल बदलतो, आणि मालक पाठीची मालिश करत बसतो. दोन्ही मागचे पाय एकदम दुखत असले तर असमानता दिसतच नाही. नस बधिर करून तपासणं हाच खात्रीचा रस्ता. उपचारात शॉकवेव्ह (यंत्राने बाहेरून दिलेल्या दाबलहरी), तीन बैठका, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. काही घोड्यांत पडदा मोकळा करून नस कापण्याची शस्त्रक्रिया. शॉकवेव्हनंतर काही दिवस दुखणं बधिर होतं, त्या दिवसांत घोडा छान चालतो म्हणून काम वाढवायचं नाही.

ज्यांचा मागचा पाय ताठ उभा आहे, किंवा फेटलॉक आधीच खाली उतरलेला आहे, त्यांना धोका जास्त. वरातीत नाचवल्या जाणाऱ्या घोड्यांबाबत मला विशेष काळजी वाटते. लगाम आखडून पुढचा भाग वर धरायचा आणि जागच्या जागी मागच्या पायांवर भार घेत ठेका धरायला लावायचा, तोही डांबरी रस्त्यावर तासन् तास. हा ताण थेट मागच्या सस्पेन्सरीवर येतो. मागची सस्पेन्सरी एकदा गेलेल्या घोड्याला नाचाच्या कामावर परत नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सवारीचं सरळ, सपाटीवरचं काम त्याला देता येतं.

गिरीवाट

माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे चढउतार टाळताच येत नाही?

पुठ्ठा_पाय

उतारावर पुढच्या पायांवर भार वाढतो, चढावर मागच्या. म्हणून पुढचा पाय दुखावलेला असेल तर आधी चढ, नंतर उतार, मागचा असेल तर उलट. प्रत्यक्षात चढलेला घोडा उतरतोच, त्यामुळे पहिले चार महिने तरी सपाट पट्टा शोधा, शंभर पावलांचा असला तरी चालेल, त्यावर येरझाऱ्या घाला. उतरताना स्वार खाली. पेव्हर ब्लॉकवर पावसात नाल घसरते, घसरताना पाय बाजूला फाकतो आणि नेमका फाट्यावर ताण येतो. अशा जागी रोज काम असेल तर बरा झालेला घोडा लवकर पुन्हा दुखावतो, हे मालकानं धरूनच चालावं.

ध्वनिलहर

सोनोग्राफीबद्दल थोडं तांत्रिक, कारण पैसे देऊन निरुपयोगी चित्रं आणलेली पाहायला मिळतात. नळीच्या मागचे केस मशीनने बारीक कापायला हवेत, नुसतं पाणी लावून चालत नाही. सरळ पट्टीचा प्रोब लागतो. गायी-म्हशींच्या गर्भतपासणीचा प्रोब अगदीच काही नसताना फाट्यांसाठी कसाबसा वापरता येतो, वरच्या टोकासाठी भरवशाचा नाही. आडवा आणि उभा असे दोन्ही छेद हवेत, आणि दोन्ही पायांचे. वरच्या टोकात मुळातच स्नायूचे तंतू आणि चरबी असते, त्यामुळे तिथे काळपट ठिपके निरोगी घोड्यातही दिसतात. म्हणूनच दुसऱ्या पायाशी तुलना महत्त्वाची.

अहवालात तीन गोष्टी मागा. गुडघ्यामागच्या उंचवट्याच्या हाडापासून जखम किती सेंटिमीटर खाली आहे, आडव्या छेदाचं क्षेत्रफळ किती, आणि उभ्या छेदात तंतूंच्या रेषा किती सलग दिसतात. पुढच्या वेळी त्याच अंतरावर मोजायचं. काळा खड्डा भरून राखाडी झाला म्हणजे जागा भरली, तंतू लागले असं नव्हे. रेषा लांब आणि समांतर दिसेपर्यंत वेग वाढवू नका. काम वाढवल्यावर क्षेत्रफळ वाढलेलं दिसलं तर लंगडत नसला तरी एक पायरी मागे. फाट्याच्या दुखापतीत एक्स-रे पण काढा, सेसमॉईडचा तुकडा उचकटलेला असू शकतो. गावाकडे सोय नसेल तर परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आधी फोन करून चौकशी करा, घोडा घेऊन थेट जाऊ नका.

मोतद्दार_मंडळ

रोजच्या तपासणीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. सकाळी, बँडेज सोडून थोडा वेळ गेल्यावर, कामाआधी. दोन्ही नळ्यांवर एकाच वेळी दोन्ही हातांचे पालथे पंजे ठेवून गरमी ताडायची. मग पाय उचलून, गुडघा वाकवून, लिगामेंट सैल असताना बोटांनी दोन्ही कडा वरून खाली चाचपायच्या आणि फाट्यांपर्यंत जायचं. पाय टेकलेला असताना ते ताठ असतं, नीट कळत नाही. दाबल्यावर घोडा पाय ओढतो का, आणि दुसऱ्या पायालाही तसंच करतो का, हे बघायचं. वहीत तारीख, कामाची मिनिटं, जमीन, गरमी, सूज, दाबल्यावरची प्रतिक्रिया. काम वाढवल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो.

बँडेज बारा तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. खाली एक इंचाहून जाड कापूस, ताण सगळीकडे सारखा, टेंडनवर दोरीसारखी वळी पडता कामा नये. उन्हाळ्यात दुपारी पाय मोकळे ठेवा. पावसाळ्यात ओलं बँडेज राहिलं तर फेटलॉकच्या मागे कातडी फुटून खपल्या धरतात आणि मग सूज कशाची आहे तेच कळत नाही.

तापीकाठ

तेल गरम करून मालिश आणि डाग देणं याबद्दलही सांगा. आमच्याकडे पहिला उपाय तोच असतो.

ध्वनिलहर

डाग देऊ नका. तापलेल्या लोखंडाने कातडी जळते, आतलं लिगामेंट त्यामुळे मजबूत होत नाही. त्यानंतर घोड्याला सक्तीची विश्रांती मिळते, फरक पडलाच तर त्या विश्रांतीने. कातडी भाजणारे मलम त्याच जातीचे. पहिल्या दिवसांत गरम तेल आणि जोराची मालिश सूज वाढवते. पुढे, दोन महिन्यांनी, कोरड्या हाताने हलकं चोळायला हरकत नाही.

वेदनाशामकाचंही इथेच सांगतो. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर गिधाडांच्या संरक्षणासाठी 2006 पासून देशात बंदी आहे, आणि 2023 पासून केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवरही. माणसांच्या दुकानातून आणून टोचणं बंद करा. मेलॉक्सिकॅम किंवा फ्लुनिक्सिन व्हेटच्या मात्रेत, पहिल्या काही दिवसांपुरतं. औषध चालू असताना चाल तपासायची नाही, आणि औषध देऊन कामावर तर न्यायचंच नाही. लिगामेंटमध्ये थेट स्टेरॉईड टोचायला नको, दुखणं झाकलं जातं आणि तंतू भरणं मंदावतं. रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन मोठ्या शहरांत मिळतं. खड्डा स्पष्ट असेल तेव्हा ते सोनोग्राफीत बघून टोचतात. पण ते घेतलं म्हणून वेळापत्रक निम्म्यावर येत नाही.

खरारा

शेवटचा प्रश्न. मध्येच पुन्हा थोडा लंगडला तर सगळं पहिल्यापासून का?

मुरूमवाट

तसं नाही. काम थांबवा, तीन दिवस फक्त हाताने वॉक, गार पाणी. आधी खूर तपासा. नालेचा खिळा लागला असेल, खुरात पू झाला असेल, आणि दोष लिगामेंटवर जाईल. लिगामेंटमध्ये गरमी, सूज, दाबल्यावर दुखणं यातलं काहीच नसेल आणि चाल तीन दिवसांत सरळ झाली तर दोन आठवड्यांपूर्वी जे काम होतं तिथून सुरू करा. यातली एकही खूण असेल तर सोनोग्राफी होईपर्यंत वाढ नाही, स्वारीही नाही.

पूर्ण कामावर आल्यावरही पहिलं वर्षभर दर तीन-चार महिन्यांनी एक सोनोग्राफी ठेवा. आठवड्यातून दोन दिवस नुसता वॉक, खोल वाळू कायमची वर्ज्य, भारी कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोतद्दार_मंडळ यांनी सांगितलेली तपासणी चुकवायची नाही. कुणाकडे फाट्याच्या दुखापतीत वापरलेल्या नालेचे फोटो असतील तर नालघर यांच्या प्रतिसादाखाली टाका. समोरून, बाजूने आणि तळातून, असे तिन्ही.